तड्यावरच्या काचा

६ नोव्हेंबर २००६

आज सकाळी मिरजेहून आले. इमारत खडकवासल्याच्या रस्त्यावर, कालव्यापासून साधारण दीडशे मीटरवर आहे. तळमजला अधिक तीन मजले, बारा घरं, त्यांतली नऊ भरलेली, माणसं एकतीस. बांधून सात वर्षं झाली. मला तिसऱ्या मजल्यावरचं एक रिकामं घर मिळालं आहे. रोज ये-जा करण्यापेक्षा तिथंच राहा, म्हणजे मापं चुकणार नाहीत, असं आमच्या कन्सल्टन्सीतल्या सरांचं म्हणणं. घरात भरपूर उजेड आहे. गॅलरीतून सिंहगड स्वच्छ दिसतो. पहिली नोकरी, पहिलं स्वतःचं कुलूप. मी सहसा असं लिहीत नाही, पण आज बरं वाटलं.

काम साधं आहे. पूर्वेकडच्या भिंतींना तडे गेले आहेत. ते जुने आणि थांबलेले आहेत की अजून चालू आहेत, हे पंचेचाळीस दिवस बघून सांगायचं.

संध्याकाळपर्यंत दोन घरांतून जेवण आलं. तळमजल्यावरच्या तुळजाबाईंनी भाकरी-पिठलं पाठवलं. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. सोसायटीचे सेक्रेटरी कादरभाई यांचं बुधवार पेठेत फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्यांच्या घरून शकीलाभाभींनी डाळचा दिला. समोरच्या घरात नीरजाताई एकट्या राहतात, कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. त्यांनी दार अर्धं उघडून विचारलं, आपण इमारत पाडायला आलात की वाचवायला? मी म्हटलं, मोजायला. त्या म्हणाल्या, मग पुण्यात टिकाल.

७ नोव्हेंबर

चौदा जागी काचपट्ट्या बसवल्या. पट्टी दहा सेंटिमीटर लांब, दोन रुंद. तड्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं पक्की चिकटवायची आणि वर तारीख घालायची. काच ताणली जात नाही. तडा किंचित जरी हलला तरी ती फुटते. प्रत्येक पट्टीखाली, तड्याच्या अल्याड-पल्याड एकेक पितळी खिळा ठोकला आहे. दोन खिळ्यांमधलं अंतर आज शंभर मिलिमीटर. ते व्हर्निअरने पंधरवड्यातून एकदा मोजायचं. काच मात्र रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला बघायची.

बायका गोळा झाल्या होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं, की काच शाबूत असेल तर तडा थांबलेला आहे. काच फुटली तर भिंत हलते आहे. सगळ्यांना चटकन कळलं. तुळजाबाईंनी त्यांच्या दारातल्या काचेच्या कडेला हळदकुंकू लावलं. मी ते पुसलं नाही. मापात फरक पडत नाही.

११ नोव्हेंबर

काचा चौदाच्या चौदा शाबूत. कादरभाई दुकानाला निघताना आपल्या मजल्यावरच्या तीन काचा बघतात, मला वर बघून हात करतात आणि जातात. इतरांनाही तशी सवय लागली आहे. देव्हाऱ्यातला दिवा बघावा तसं लोक जाता-येता काचेकडे बघतात.

बाकीच्या गोष्टींकडे कोणी बघत नाही. मी बघते, कारण तेच शिकले आहे. इमारत पूर्वेला कलली आहे. मीटरला जवळजवळ सहा मिलिमीटर. शकीलाभाभींच्या पलंगाच्या दोन पायांखाली फळीचे तुकडे आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या मकसूद वायरमननं दार अडकायला लागल्यावर त्याला तीनदा रंधा मारून घेतला. त्याच्या मुली गोटी दारात ठेवतात, ती आपोआप खिडकीखाली जाते, आणि त्यांना तो खेळ वाटतो. कादरभाईंच्या भिंतीवरच्या तसबिरी मला वाकड्या दिसल्या. ओळंबा लावला तर तसबिरी भिंतीशी समांतर होत्या. वाकडी भिंत होती. फ्रेमचा धंदा करणारा माणूस. त्याला नजरेनं कळायला हवं होतं.

तुळजाबाईंकडून कारण कळलं. पूर्वेच्या कोपऱ्यातला खांब जिथं आहे तिथं त्यांची विहीर होती. बिल्डरने ती राडारोड्यानं बुजवली. त्या म्हणाल्या, "इमारत हितंच हाय आन् आमी बी हितंच हाय. इतकी वर्सं पडली न्हाय ती आत्ताच पडतीय व्हय?"

१६ नोव्हेंबर

नीरजाताईंनी चहाला बोलावलं. मी विचारलं, माणसं अशा घरात का राहतात? त्यांना हा प्रश्न आवडला असावा. दोन तास बोलल्या.

एक जुना सिद्धान्त असा, की जिवंत असणं हा एक ताण आहे आणि जिवाला मुळातच निर्जीव होऊन स्वस्थ पडायची ओढ असते. त्यांच्या मते तो झकास सिद्धान्त आहे, कारण खोटा ठरवता येत नाही. दुसरा कुत्र्यांच्या प्रयोगावरचा. पिंजऱ्यात विजेचे झटके दिले आणि सुटायला वाट ठेवली नाही, तर पुढे दार उघडलं तरी कुत्री उठत नाहीत. तिसरा, खोलीत धूर भरतो आहे आणि इतर जण शांत बसले आहेत, तर माणूसही शांत बसतो. चौथा त्यांना स्वतःला पटतो. मन धोका मोजत नाही, फरक मोजतं. रोज थोडा थोडा वाढणारा धोका मनाला दिसतच नाही. उलट घर सोडणं एका दिवसात दिसतं.

मी म्हटलं, यांतल्या एकालाही एकक नाही. त्या म्हणाल्या, एकक असतं तर मी इंजिनिअर झाले असते आणि तुझ्यासारखी रुक्ष झाले असते.

त्या स्वतः का राहतात, हेही विचारलं. म्हणाल्या, "मला सगळ्या थिअऱ्या पाठ आहेत. म्हणून मला भीती वाटत नाही."

त्यांचा कप टेबलावरून सरकत होता. बोलता बोलता त्यांनी तो तीनदा मागे घेतला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

२१ नोव्हेंबर

पंधरवड्याचं माप घेतलं. सकाळी एकदा, दुपारी पुन्हा, व्हर्निअरचा शून्य तपासून तिसऱ्यांदा.

काचा चौदाच्या चौदा शाबूत आहेत. तारखा माझ्याच, ७/११. खिळ्यांमधलं अंतर मात्र तळमजल्यावर पूर्व कोपऱ्यातल्या खांबाजवळ १०१.८, दुसऱ्या मजल्यावर १०२.३, माझ्या घराबाहेर १०२.६. काच इतकी लांबत नाही. कुठलीच काच लांबत नाही.

एक पट्टी काढून पाहिली. कडा माझ्या पट्ट्यांपेक्षा स्वच्छ कापलेल्या. काच कापायचा हिरा वापरणाऱ्या हाताचं काम. तारखेतला सात मी आडव्या रेघेनं कापते. या सातालाही तशीच रेघ होती.

२२ नोव्हेंबर

कादरभाईंनी नाकारलं नाही. खुर्ची दिली, शकीलाभाभींना चहा ठेवायला सांगितला. पहिली काच नऊ तारखेला फुटली, मी सातचं बघून वर गेल्यावर. शकीलाभाभी रडायला लागल्या म्हणून त्यांनी दुकानातून तुकडा आणून बसवला. मग तुळजाबाईंची फुटली. मग रोजच कोणाची तरी. सगळ्या घरांना माहीत आहे. बायका काच फुटली की निरोप देतात, कादरभाई पाचच्या आत बसवून जातात. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही.

मी म्हटलं, काच बदलून भिंत थांबत नाही. ते म्हणाले, "अहो मॅडम, ते आम्हाला कळत नाही का? पण काच फुटकी ठेवून घरात बसवत नाही हो."

इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही. एकदा सील लागलं की परत आत येणं नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मी ते लिहून घेतलं. चहा प्यायला. बशी कललेली होती. मी ती न बघता सरळ धरली होती.

२५ नोव्हेंबर

अहवाल दिला. एका ओळीचाच आहे, बाकी तक्ते. इमारत ताबडतोब रिकामी करावी. सर म्हणाले, उत्तम काम, आता तिथलं आवरा. वॉर्ड ऑफिसनं दोन दिवसांत नोटीस लावायचं कबूल केलं.

नोटीस लागली की त्याच रात्रीपर्यंत एकतीस माणसं बाहेर काढता येतील असं मला वाटत होतं. मी तशी यादी केली होती. आधी कोण, टेंपो किती.

२८ नोव्हेंबर

काल नोटीस लागली. सगळ्यांनी वाचली. कादरभाईंनी तिला फ्रेम करून जिन्यात लावली, म्हणजे भिजायला नको. सोसायटीनं कोर्टातून स्थगिती आणली. सुनावणी २० डिसेंबरला.

मी दारोदार गेले. आकडे दाखवले. कोणी वाद घातला नाही. सगळे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. पाणी विचारलं. एकटा मकसूद हलला. बायकोला आणि दोन मुलींना घेऊन मंडईजवळ मावसभावाकडे गेला. माझ्या यादीतली चार नावं खोडली. सत्तावीस उरले.

सरांना मी अजून काही दिवस थांबते असं सांगितलं. मापं, आता रोज दोनदा, चालू ठेवणं सुनावणीला उपयोगी पडेल.

५ डिसेंबर

मकसूद परत आला.

सामान स्वतः वर नेत होता. मी जिन्यात अडवलं. मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तिथं मुलींना चक्कर यायची, म्हणाला. बायको भिंतीला धरून चालायची. दोन डॉक्टर केले. "तिथली फरशी वाकडी वाटते हो ताई," म्हणाला. "इथं आल्या आल्या पोरी पळायला लागल्या."

खरंच वर पळत होत्या. आवाज येत होता.

मापं: १०५.१, १०६.०, १०६.४.

८ डिसेंबर

नीरजाताईंनी आज मला विचारलं, आणि तू? तुझं काम संपून तेरा दिवस झाले.

मी म्हटलं, लोक इथं आहेत तोवर मला जाता येत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक जण हेच म्हणतोय. शकीला कादरसाठी, कादर सोसायटीसाठी, तुळजाबाई जमिनीसाठी. स्वतःसाठी इथं कोणीच राहिलेलं नाही.

मी बॅग भरली. संध्याकाळी कर्वे रस्त्याजवळ एका मुलींच्या वसतिगृहात खोली घेतली. आता तिथूनच लिहिते आहे. नवी इमारत आहे. फरशी सपाट. लेव्हल-बॉटलनं तपासली.

९ डिसेंबर

चक्कर येते. खोली पश्चिमेला कललेली वाटते. पाण्याची लेव्हल-बॉटल पुन्हा लावली, बुडबुडा मधोमध. तरीही. जेवताना ताट आपल्याकडे येईल म्हणून मी ते हातानं धरून बसले होते. समोरच्या मुलीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

हे शारीरिक आहे. कानातल्या पाण्याचा तोल. सवय बदलायला आठ-दहा दिवस लागतात. कारण माहीत आहे.

आज दोन्ही वेळची मापं चुकली.

१० डिसेंबर

परत आले. फक्त मापं घ्यायला. १०७.९.

जिन्यात पाऊल ठेवल्याबरोबर चक्कर थांबली. इतकं बरं वाटलं, की मी पायरीवर बसून रडले. शकीलाभाभींनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, घर ते घरच.

मला हे लिहून ठेवायला हवं. मी जाऊ शकते. दार उघडं आहे. वीज नाही, पिंजरा नाही. मी पगारी नोकर आहे, हे घर माझं नाही. मग मी

१२ डिसेंबर

दुपारी भिंतीतून आवाज येतात. सुपारी फोडल्यासारखे. कुणी वर बघत नाही. कादरभाई आता दिवसातून दोनदा काचा बदलतात, दुकान बंद ठेवतात. आज त्यांची काच संपली. त्यांनी आपल्याच तसबिरींच्या काचा काढून कापल्या. आई-वडिलांचे फोटो उघडे लटकत आहेत.

मी नीरजाताईंकडे गेले. मी हात जोडले. म्हटलं, एक तरी थिअरी सांगा जिचा काही उपयोग होईल. लोक मरतील. तुम्ही मराल.

त्यांनी टेबलावरून सरकणारा कप उचलून हातात धरला. मग म्हणाल्या, "ती माणसं घरात राहत नाहीयेत, पद्मजा. तुझ्या काचांच्या मागे राहतायत."

काचा मीच आणल्या होत्या. सात नोव्हेंबरला. तोवर ते भिंतीकडे बघत असतील.

१३ डिसेंबर

सकाळी सातला सगळ्या काचा काढल्या. छिन्नीनं. चौदा. कादरभाई मागे मागे येत होते, मॅडम नको, मॅडम नको, असं म्हणत. अडवलं मात्र नाही. नंतर पाहिलं तर त्यांच्या बोटांना कापलेलं होतं, माझ्याही.

काचेखाली तडा होता. माझी बोटं आत गेली. तळव्यापर्यंत. पलीकडचं घर दिसत होतं, शकीलाभाभींची शेगडी, उजेड.

बायका येऊन उभ्या राहिल्या. बघायला काच नव्हती. तुळजाबाईंनी बोटं आत घातली आणि काढली. खाली गेल्या आणि त्यांनी पहिलं भांडं रस्त्यावर आणून ठेवलं.

दुपारपर्यंत पाच घरं. मकसूदनं मुलींचे डोळे ओढणीनं बांधून त्यांना खाली नेलं, चक्कर येऊ नये म्हणून. एक टेंपो, दोन, तीन. मी नावं खोडते आहे. अकरा उरले. मला आनंद झाला आहे. नोंद असू दे.

१४ डिसेंबर

दुपारी १.१०. कादरभाई गेले. शेवटी कुलूप लावायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी लावलंच.

२.००. नीरजाताई. एक पिशवी, पुस्तकं नाहीत. माझ्या दारात थांबल्या. चल, म्हणाल्या. मी म्हटलं, पुढे व्हा, मापं घेऊन आले.

यादीतली एकतीस नावं खोडून झाली. एकतीस. कोणी नाही वर. मी जिंकले — हा शब्द बरोबर नाही.

यादीत माझं नाव नव्हतं. मी घातलंच नव्हतं.

३.१५. माझ्या घराबाहेर १०९.७. नऊ मिनिटांनी ११०.२. इतक्या कमी वेळात बदलणारं माप मी पूर्वी कधी घेतलेलं नाही. कोणीच घेतलं नसेल. हे लिहिलं गेलं पाहिजे. सुनावणीला — सुनावणी कशाला आता

३.३०. खाली रस्त्यावर सगळे उभे आहेत. हाका मारत आहेत. तुळजाबाईंचा आवाज वेगळा ओळखू येतो, "पोरी, खाली ये. ए पोरी, तुझ्या आईची शपथ हाय." नीरजाताई ओरडून विचारताहेत, कुठली थिअरी आहे ते खाली येऊन सांग.

कुठलीच नाही. मला मरायचं नाही. मी हे स्पष्ट लिहिते, मला मरायचं नाही. मिरजेला जायचं आहे. आईला फोन

३.३६. १११.० — जिना अठ्ठेचाळीस पायऱ्या. चाळीस सेकंद. मी मोजलं आहे. म्हणजे वेळ आहे. म्हणून एक माप आणखी घेता येतं, हे गणित चुकीचं नाही

३.३८. कादरभाई जिन्यात आले होते, पहिल्या मजल्यापर्यंत. लोकांनी ओढून मागे नेलं. बरं झालं.

पाय उचलत नाहीत असं नाही. मी उठले. दारापर्यंत गेले. बाहेर सगळं वाकडं आहे — रस्ता, टेंपो, माणसं, सगळी पश्चिमेला कललेली, पडतील आता — इथं सरळ आहे. फक्त इथं

३.४१. १११.९

निघते. वही बंद करते. खालून सगळे एकदम ओरडले — का ते बघायला — आधी हे एक. खिळा सैल झालाय. ११२.४ — नाही, पुन्हा — ११